बीटा टाकताय? आधी मुदत बघा, मग आपला सीझन बघा

बीटा व्हर्जन म्हणजे फायनलच्या आधी लोकांना तपासून बघायला दिलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या पोटात बहुतेक वेळा एक तारीख असते आणि ती तारीख आली की ते बंद पडतं. बिघडत नाही, बंद पडतं, बनवणाऱ्यानेच तसं करून ठेवलेलं असतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मग ऐन मे महिन्यात पेट्या भरायच्या टायमाला माणूस लॅपटॉप काखेत मारून दुकानात येतो आणि विचारतो, "ह्येच्यात व्हायरस इलो की काय रे?" व्हायरस नाही हो, मुदत संपली.

मी देवगड बाजूला कॉम्प्युटर-मोबाईल रिपेअरिंग करतो, तेव्हा हे सगळं सांगताना डोळ्यासमोर आपलीच माणसं आहेत, बागायतदार, होमस्टेवाले, मासळीच्या लिलावाचा हिशोब ठेवणारे, आणि त्यांच्या घरातली ती कॉलेजातली पोरं जी हौसेनं काहीपण टाकून ठेवतात.

मुळात मुदत घालतातच कशाला

पहिल्यांदा लोकांना वाटतं की फुकटात वापरू नये म्हणून. ते कारण आहे, नाही असं नाही, पण माझ्या मते ते पहिलं कारण नाही. विंडोज ७ च्या वेळचं बघा, रिलीज कँडिडेट (बीटानंतरचं, फायनलच्या अगदी आधीचं व्हर्जन) मे २००९ मध्ये कोणालाही डाउनलोड करायला मोकळं सोडलं होतं आणि ते १ जून २०१० पर्यंत चालणार होतं, म्हणजे वर्षभराहून जास्त. फायनल विंडोज ७ तर २२ ऑक्टोबर २००९ लाच बाजारात आलं. म्हणजे विकायचा माल दुकानात आल्यावरही सात महिने फुकटातलं चालू होतं. निव्वळ पैशाचीच काळजी असती तर एवढं ढिलं सोडलं असतं का?

खरं कारण म्हणजे जुनी व्हर्जन्स. बीटा कशासाठी देतात, तर लोकांनी वापरावं आणि काय चुकतंय ते कळवावं. आता समजा मार्चच्या बिल्डमध्ये (बिल्ड म्हणजे त्या त्या वेळी तयार करून दिलेली प्रत) प्रिंट काढताना शेवटची ओळ कापली जात होती, कोणीतरी कळवलं, एप्रिलच्या बिल्डमध्ये ती दुरुस्त झाली. पण एक टेस्टर आहे जो मार्चवरच बसलाय, अपडेट केलेलं नाही, तो जूनमध्ये उठून कळवतो की शेवटची ओळ कापली जाते. तिकडे बसलेल्या पोराला आधी हे कुठल्या बिल्डवरचं आहे ते शोधावं लागतं, मग ते जुनं बिल्ड काढून बघावं लागतं, मग कळतं की हे तर दोन महिन्यांपूर्वीच झालंय. गेल्या वर्षीचा भाव धरून यंदाच्या पेटीची घासाघीस करण्यासारखं आहे ते, दोघांचाही वेळ जातो आणि सौदा काही होत नाही. असे टेस्टर हजारात असले तर टीमचं निम्मं काम जुन्या भुतांशी भांडण्यातच जाणार. मुदत असली की जुनी बिल्ड्स आपोआप गळून पडतात आणि सगळे जवळपास एकाच पानावर राहतात.

दुसरं सुरक्षेचं. सिक्युरिटीचे पॅच, म्हणजे भोकं बुजवणारी छोटी अपडेट्स, येतात ती रिलीज झालेल्या व्हर्जनला आणि चालू बीटाला, चार महिन्यांपूर्वीच्या बीटाला कोणी पॅच काढत बसत नाही. त्यामुळे ते विसरलेलं बिल्ड कुठेतरी चालूच राहिलं तर त्यातली भोकं तशीच उघडी राहणार, आणि वापरणाऱ्याला पत्ता पण नाही. वर बीटात टेस्टिंगसाठीचा जास्तीचा कोड असतो, लॉग (ॲपनं काय काय केलं त्याच्या नोंदी) जास्त लिहिले जातात, कधी कधी तुमच्या वापराची माहिती नेहमीपेक्षा जास्त पाठवली जाते. अशी वस्तू कायम मशीनवर राहू नये हे तुमच्याही फायद्याचं.

तिसरं सर्व्हरचं आणि फाइलचं. बीटाच्या काळात डेटा साठवायची पद्धत सारखी बदलत असते. जुनं ॲप जुन्या पद्धतीनं पाठवणार, सर्व्हर नव्या पद्धतीनं वाचणार, आणि मग ज्याची उधारी आहे त्याच्या नावावर जमा आणि जमावाल्याच्या नावावर उधारी, असे घोळ. ॲप बंद पडलेलं परवडलं, चुकीचा हिशोब दाखवत चालू राहिलेलं नको.

म्हणून मी मुदतीच्या विरोधात अजिबात नाही. विरोध आहे तो मुदत न सांगता गळ्यात मारण्याला.

सगळ्यांनाच मुदत असते असंही नाही. लिनक्सवाल्यांकडे सहसा ही भानगड नसते, उबंटूचं बीटा टाकलं आणि अपडेट करत राहिलात तर तेच पुढे फायनल होऊन जातं. सोर्स, म्हणजे मूळ कोड, सगळ्यांना उघडा असल्यावर कुलूप घालून उपयोग काय, कोणीही काढून टाकेल.

मुदत कुठून मोजतात

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ट्रायल आणि बीटा या दोन वेगळ्या गोष्टी. ट्रायल म्हणजे ३० दिवस म्हटलं की साधारण तुम्ही सुरू केल्यापासून ३० दिवस. बीटाची मुदत बहुतेक वेळा बिल्ड बनल्याच्या किंवा अपलोड झाल्याच्या दिवसापासून चालते, तुम्ही कधी टाकलं त्याच्याशी देणंघेणं नाही. ॲपलच्या टेस्टफ्लाइटचं (आयफोनवर बीटा ॲप्स याच्यातून देतात) उदाहरण घ्या, तिथे बिल्ड अपलोड झाल्यापासून ९० दिवस. तुम्ही ८५व्या दिवशी टाकलंत तर तुमच्या हातात पाचच दिवस. मग माणूस म्हणतो "परवा तर टाकला!" परवा टाकलंत खरं, पण त्याचं आयुष्य आधीच संपत आलं होतं.

आणि हो, मुदत फक्त बीटालाच असते असं समजू नका. सिग्नल या मेसेजिंगवाल्याचं साधं रोजचं ॲपसुद्धा ९० दिवस अपडेट केलं नाही तर अडून बसतं, व्हॉट्सॲपपण फार जुनं झालं की आधी अपडेट करा म्हणून सांगतं आणि पुढे जाऊ देत नाही. आपल्याकडे सड्यावर रेंज नाही म्हणून आणि डेटा वाचवायला म्हणून ऑटो अपडेट बंद ठेवायची लोकांना सवय, त्यामुळे हे वरचेवर होतं. घरात म्हाताऱ्या माणसांचा फोन असेल तर महिन्यातून एकदा वायफायला धरून अपडेट मारून द्या, बस.

टाकायच्या आधी

तारीख शोधा. विंडोजचं प्रिव्ह्यू, म्हणजे विंडोजचंच बीटा, असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, विनव्हर (winver) टाइप करून एंटर, एक छोटी खिडकी उघडते त्यात बिल्ड नंबर असतो आणि प्रिव्ह्यूला मुदत असेल तर एक्स्पायरीची तारीखही तिथेच लिहिलेली असते. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरात इव्हॅल्युएशन कॉपी (Evaluation copy) असं दिसत असेल तर समजा की तुम्ही प्रिव्ह्यूवर आहात, ते काही विंडोज चोरीचं असल्याची खूण नव्हे. टेस्टफ्लाइटमध्ये ॲपच्या पानावरच किती दिवस उरलेत ते दिसतं. बाकी कुठलंही सॉफ्टवेअर असेल तर अबाउटमध्ये बघा, आणि तिथेही नसेल तर ज्याने दिलं त्याला सरळ विचारा की बाबा हे कधी बंद पडणार. त्याला सांगता येत नसेल तर टाकू नका. अगदी साधा नियम आहे माझा.

तारीख मिळाली की भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करा. मोबाईलमधलं रिमाइंडर माणूस अंगठ्यानं बाजूला सरकवतो, भिंतीवरचा गोल मात्र घरातली चार माणसं बघतात.

आता सीझन बघा, कारण कोकणात वर्षातले सगळे महिने सारखे नसतात. हापूसवाल्यांचे मार्च ते मे, या दिवसांत बिलाच्या मशीनवर नवीन काहीच नको. समजा १ फेब्रुवारीला अपलोड झालेलं बिल्ड कोणी तुम्हाला आयफोनवर दिलं, ९० दिवस मोजा, मेच्या सुरुवातीलाच ते जाणार, म्हणजे नेमकं पेट्या रवाना होत असताना. मासळीवाल्यांना उलट सोपं आहे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते, नवीन सॉफ्टवेअर खेळून बघायला याच्यासारखा काळ नाही, पण मुदत ऑगस्टच्या सुरुवातीला संपणारी नको. मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांनी मे आणि दिवाळी ते थर्टीफर्स्ट सोडून द्यायचं, पावसाळ्यात करायचं काय ते करा. गणपतीत तर कोणीच काही करू नका, चाकरमानी आल्यावर वायफायवर एवढा ताण असतो की नवीन बिल्ड उतरवायला रात्र जाते.

आणि ज्या मशीनवर पोट चालतं त्यावर बीटा नकोच. जुना फोन असतो ना घरात, स्क्रीनला चरा गेलेला, तो वापरा.

एक प्रसंग सांगतो

एक बागायतदार आले होते, नाव-गाव सोडा. बिलाचं सॉफ्टवेअर उघडलं की चौकोन यायचा, या चाचणी आवृत्तीची मुदत संपली आहे, आणि खाली एकच बटण, बंद करा. बटण दाबलं की संपलं. आत काय होतं, तर कोणाला किती डझनाच्या पेट्या गेल्या, डोंबिवलीचे किती, पुण्याचे किती, कोणाचे पैसे आले, कोणाचे यायचेत. शिमग्याला आलेल्या भाच्यानं हौसेनं टाकून दिलेलं, भाचा परत पुण्याला गेला, मुदतीची तारीख मात्र इथेच राहिली. त्यांनी आधीच कोणाच्या तरी सांगण्यावरून लॅपटॉपची तारीख मागे नेऊन बघितली होती, त्याने ते उघडलं तर नाहीच, उलट बँकेची साइट पण उघडेना झाली. सुदैवानं ते अनइन्स्टॉल केलेलं नव्हतं. डेटाचा फोल्डर शोधला, पेन ड्राइव्हवर आणि वर एक मेलवर अशा दोन कॉप्या केल्या, लॅपटॉपची तारीख सरळ केली, मग त्याच सॉफ्टवेअरचं रिलीज झालेलं व्हर्जन जुन्याच्या डोक्यावर टाकलं, फाइल उघडायला सांगितली, सगळ्या नोंदी आल्या. त्यांचा चहा तोवर गार झाला होता, तो तसाच एका घोटात संपवून गाडीला किक मारली.

बंद पडलंच तर हे करा

अनइन्स्टॉल करू नका. पहिलं हे आणि शेवटचंपण हेच, कारण बहुतेक ॲपचा डेटा ॲपच्या सोबत जातो, विशेषतः फोनवर. आधी डेटाची कॉपी निघते का बघा. कॉम्प्युटरवर असेल तर फोल्डर सापडतोच, डॉक्युमेंट्समध्ये नाहीतर ॲपडेटा (AppData) नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये.

मग नवीन बीटा आलंय का बघा, आलं असेल तर तेच वर टाका, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. नवीन बीटा नसेल आणि रिलीज झालेलं असेल तर ते वर टाका. आयफोनवर टेस्टफ्लाइटचं ॲप तसंच ठेवून ॲप स्टोअरमधून तेच ॲप घेतलं तर ते त्याच्या जागी बसतं आणि डेटा सहसा राहतो. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर खाली जाऊन बीटा प्रोग्रॅममधून बाहेर पडता येतं, पण बाहेर पडून साधं व्हर्जन घ्यायचं तर बऱ्याचदा आधीचं काढावं लागतं, म्हणून आधी बॅकअप. व्हॉट्सॲपचं असेल तर चॅट बॅकअप झालाय हे डोळ्यांनी बघा, "होता वाटतं" चालणार नाही.

तारीख मागे नेण्याबद्दल. हा आपल्याकडचा फार जुना उपाय, आणि फार जुन्या सॉफ्टवेअरवर तो चालायचा. आता शेवटचं कधी उघडलं ते ॲप लिहून ठेवतं, तारीख मागे गेली की त्याला लगेच कळतं, नाहीतर ते सर्व्हरला वेळ विचारतं. आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित साइट्सची सर्टिफिकेट जुळत नाहीत, ब्राउझर कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून ओरडतो, बँक नाही, मेल नाही. समजा चाललंच, तरी त्या काळात काढलेल्या प्रत्येक बिलावर खोटी तारीख पडते, मग ते सीएकडे गेल्यावर काय उत्तर देणार?

अख्खी सिस्टीमच बीटावर असेल तर

ॲपचं एकवेळ ठीक, सिस्टीमचं जड जातं. विंडोज ७ च्या बीटाला १ जुलै २००९ पासून दर दोन तासांनी मशीन बंद व्हायचं, आणि १ ऑगस्टला मुदत संपली. रिलीज कँडिडेटला हेच १ मार्च २०१० पासून सुरू झालं. तो इशारा होता, हार्डवेअर खराब नव्हतं. आजच्या इनसायडर बिल्ड्सनाही (मायक्रोसॉफ्टच्या इनसायडर प्रोग्रॅममधून मिळणारी विंडोजची प्रिव्ह्यू) मुदत संपत आली की आधी सूचना येतात, सूचनांकडे दुर्लक्ष केलं की पुढे मशीन मधेच रीस्टार्ट व्हायला लागतं आणि शेवटी चालू व्हायचंच थांबतं. तुमच्या मशीनचं असं व्हायला लागलं तर एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) बदलायच्या आधी विनव्हर बघा. आमच्याकडे लाइट सारखी जाते म्हणून लोक डोळे झाकून पॉवरवर संशय घेतात.

बाहेर पडायचं कसं, तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे इनसायडर प्रोग्रॅम, तिथे प्रिव्ह्यू बिल्ड घेणं थांबवण्याचा पर्याय. प्रोग्रॅममध्ये कमी-जास्त कच्च्या बिल्ड्सचे वेगवेगळे चॅनल असतात. बीटासारख्या चॅनलवर असाल तर पुढचं अधिकृत व्हर्जन आलं की आपोआप बाहेर पडता येतं. कॅनरी किंवा डेव्हसारख्या जास्त कच्च्या चॅनलवर असाल तर बहुतेक वेळा सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकावं लागतं. नवीन बिल्ड टाकल्यावर मागे जायची सोय साधारण १० दिवस असते, त्यानंतर तो दरवाजा बंद.

आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, बीटा अपडेट्स, ऑफ. मग पुढचं साधं अपडेट येईपर्यंत थांबलात तर काही पुसावं लागत नाही. घाई असेल तर कॉम्प्युटरला लावून रिस्टोअर करावं लागतं आणि बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर बसेलच असं नाही, म्हणून बीटा टाकायच्या आधीचा बॅकअप वेगळा सांभाळून ठेवायचा. अँड्रॉइडच्या बीटातून गूगलचा पिक्सेल फोन मधेच बाहेर काढला तर जे मागे नेणारं अपडेट येतं ते फोन पूर्ण पुसतं. ते लावू नका, फायनल यायची वाट बघा.

आणि जी पोरं स्वतः ॲप बनवतात त्यांना

रत्नागिरी-कुडाळकडची बरीच पोरं आता गावातल्यांसाठी बिलाची, बुकिंगची छोटी ॲप्स बनवतात, चांगलंच आहे. मुदत जरूर घाला. प्ले स्टोअरच्या टेस्टिंग ट्रॅकवर टेस्टफ्लाइटसारखे ९० दिवस आपोआप लागत नाहीत, तुम्हालाच कोडमध्ये घालावी लागते. बिल्डच्या तारखेपासून मोजा, पहिल्याच स्क्रीनवर ठळक दाखवा, संपायच्या दोन आठवडे आधीपासून सांगायला लागा, मराठीत सांगा. आणि मुदत संपल्यावर नवीन नोंद बंद करा पण जुन्या नोंदी बघणं आणि फाइल बाहेर काढणं चालू ठेवा. वर सांगितलेल्या चौकोनात बंद करासोबत डेटा घ्या असं दुसरं बटण असतं तर त्या माणसाला दुकानापर्यंत यावंच लागलं नसतं.

मोठ्यांचंपण चुकतं यात. २००८ मध्ये व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ मध्ये (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल, म्हणजे आभासी, कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) बीटाच्या वेळचा मुदतीचा कोड रिलीजमध्ये तसाच राहून गेला, १२ ऑगस्ट उजाडला आणि पैसे भरून घेतलेल्या गिऱ्हाइकांची व्हर्च्युअल मशीन्स चालू होईनात. कंपनीच्या प्रमुखांना, पॉल मॅरिट्झना, जाहीर माफी मागावी लागली. गंमत म्हणजे पॅच येईपर्यंतचा तात्पुरता उपाय काय दिला होता, तर सर्व्हरची तारीख १० ऑगस्टला न्या! आपल्या गाववाल्यांचाच उपाय. ॲपलचंही २०१८ च्या ऑगस्टमध्ये आयओएस १२ च्या बीटात झालं, नवीन अपडेट आलंय, आधी ते घ्या असा निरोप फोन उघडला की प्रत्येक वेळी, आणि घ्यायला अपडेट कुठेच नाही. तारखेच्या हिशोबातली चूक, पुढचं बीटा देऊन त्यांनी ती मिटवली.

तेव्हा मुदतीचा कोड एका फ्लॅगमागे (कोडमधल्या चालू-बंद खटक्यामागे) ठेवा, बीटाच्या बिल्डमध्येच तो चालू, रिलीजमध्ये तो मुळात भरलाच जाणार नाही असं करा. बीटाची मुदत संपल्यावर स्क्रीन कशी दिसते ते एका फोनची तारीख पुढे नेऊन स्वतः बघा, डेटा बाहेर निघतो का तेही तिथेच कळेल. रिलीजचं बिल्ड तयार झालं की त्याच फोनवर तारीख दोन वर्षं पुढे लावून उघडा, इंटरनेट चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा. दोन्ही वेळा उघडलं तर मग गिऱ्हाइकाला पाठवा.